नुसतं ‘हं’ म्हणा

१

स्टुडिओत तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडायचं. लोक स्टुडिओत बसून पुस्तकं मोठ्याने वाचत, आणि ती वाचनं ध्वनिमुद्रित होऊन तिच्याकडे येत: खाकरण्यासकट, खुर्चीच्या कुरकुरीसकट, पान उलटल्याच्या सळसळीसकट. घरी बसून हे सगळं कापून काढायचं, हे तिचं काम. उरायचा तो नुसता आवाज, धुऊन वाळत घातल्यासारखा. सगळ्यात चिवट असायचे श्वास. माणूस वाक्य संपवतो, पुढच्या वाक्यासाठी हवा भरून घेतो, आणि ऐकणाऱ्यांना म्हणे ते ऐकायचं नसतं. निदान स्टुडिओवाल्यांचं तसं म्हणणं होतं, आणि पगार तेच देत होते.

तिची कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, दाराला आतून जाड रजई ठोकलेली. तरी आवाज यायचे ते यायचेच. फ्रिज घुरघुरायचा. स्वयंपाकघरातल्या नळाला कितीही वायसर बदला, तो टपकायचाच. वरच्या मजल्यावर कोणीतरी दिवसभर खुर्ची इकडून तिकडे ओढायचं, त्या खुर्चीत कधी बसत असेल देव जाणे. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे टकळी.

टकळी म्हणजे तिची मुलगी. दुसरीत होती. शाळेच्या हजेरीत तिचं एक चांगलंसं नाव होतं, पण घरात ते कोणी वापरत नसे, कारण डोळा उघडल्यापासून डोळा मिटेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं. मागच्या खोलीत यायला तिने कधी दार वाजवलं नाही. बोळातच वाक्य सुरू व्हायचं, खांद्याने दार ढकललं जायचं, आणि वाक्य संपायच्या आत ती आईच्या गळ्यात पडलेली असायची.

यावर कात्रीबाईने एक तोड काढली होती. “हं.” कानांवर हेडफोन, डोळे पडद्यावर, बोटं माउसवर, आणि दर दोन वाक्यांनी एक “हं.” हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण हं म्हणतोय हेही तिच्या लक्षात यायचं नाही. टकळीचं त्यावर भागायचं. मध्येच ती विचारायची, “आई, ऐकतेयस ना?” त्यालाही उत्तर तेच.

नवरा जहाजावर होता, सहा महिने तिकडे आणि दोन महिने इकडे. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, आबा. ते पुढच्या खोलीत दाराजवळच्या आरामखुर्चीत असायचे. कानाचं मशीन त्यांनी खणात टाकून दिलं होतं, कारण त्यातून जगाची कटकट तेवढी ऐकू येते असं त्यांचं मत. दारात कोणीही उभं राहिलं, की काय विचारतंय हे न ऐकताच ते हात हलवून म्हणायचे, “या, या! विचारताय काय?” या पाहुणचारामुळे एकदा पाण्याचं यंत्र विकणारा माणूस अख्खी दुपार बसून, दोनदा चहा पिऊन गेला होता.

त्या आठवड्यात तिच्याकडे एका म्हाताऱ्या नटाने वाचलेली जाडजूड कादंबरी आली होती. आवाज गडगडणारा, पण श्वास लोहाराच्या भात्यासारखे. शनिवारी काम द्यायचं होतं, आणि हाताने ते महिनाभरातही संपलं नसतं. म्हणून स्टुडिओने नवीन सॉफ्टवेअर पाठवलं. त्याचं नाव होतं ‘निवांत’. तिने ते चालू केलं, तशी पडद्यावर चौकट आली: ‘निवांत’ला ‘डेस्कटॉप’मधल्या फायली उघडायची परवानगी हवी आहे. द्यायची?

तिने स्टुडिओतल्या कंप्युटरवाल्याला फोन लावला.

“द्या हो,” तो म्हणाला. “परवानगी दिल्याशिवाय ते फायली उघडणार कसं? जे जे मागेल त्याला हो म्हणायचं.”

“सगळ्याला?”

“सगळ्याला. वाचत बसलात तर शनिवार इथेच होईल. आणि एक सोय केलीय बघा. तुमचे हात गुंतलेले असतात ना, म्हणून तोंडी पण चालतं. माइक चालू ठेवा आणि नुसतं हं म्हणा.”

कात्रीबाईला हसू आलं. हे तर आपल्याला येतंच, तिला वाटलं. ती माइककडे तोंड करून म्हणाली, “हं.” चौकट गेली.

२

‘निवांत’ म्हणजे अगदी हिरा निघाला. नटाचे श्वास असे उडाले, की कुठे होते तेही सापडेना. तिला एका प्रकरणाला दोन दिवस लागायचे, ते काम चहा निवायच्या आत व्हायला लागलं. मध्ये मध्ये चौकट यायची. ‘डॉक्युमेंट्स’ उघडू का? हं. ‘डाउनलोड्स’? हं. बाहेरून लावलेली डिस्क? हं.

आबा पाणी प्यायला आत आले होते, ते तिच्या मागे थांबले.

“काय म्हणतोय तो?”

“परवानगी मागतोय, आबा!” ती ओरडून म्हणाली. “प्रत्येक खोक्यात शिरायच्या आधी विचारतो!”

आबांना अर्धं ऐकू आलं असावं. “विचारतोय ना? मग परका आहे,” ते म्हणाले. “घरचं माणूस विचारत नाही. सरळ आत येतं.” आणि हातातलं भांडं घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकट आली: ‘स्वयंपाकघर’मधल्या फायली उघडू?

तिच्या तोंडून हं निघूनही गेलं, आणि मग ती थांबली. या नावाचं फोल्डर आपल्याकडे आहे? तिने थोडी शोधाशोध केली, सापडलं नाही. पण असेलही. मागे एकदा एका कथेसाठी भांड्यांचे आवाज टिपले होते, ते कुठल्या नावाने ठेवले होते कोणाला आठवतंय? तिने मान झटकली आणि पुढचं प्रकरण लावलं.

चहा करायला उठली तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. गॅस पेटवला, आधण ठेवलं, आणि मग लक्षात आलं, फ्रिज बंद पडलाय. घुरघुर नाही. तिने दार उघडलं. आत दिवा लागला, गार हवा अंगावर आली, बर्फ दगडासारखा घट्ट. फ्रिज चालू होता.

नळाच्या तोंडाशी थेंब जमला, लांबला, सुटला, खालच्या पातेल्यातल्या पाण्यावर पडला. पाण्यावर वर्तुळं उठली. आवाज आला नाही.

आवाजावर पोट असलेल्या माणसाला एकच भीती असते, ती म्हणजे कानांची. तिने कानाशी चुटकी वाजवली, तर ऐकू आली. स्वतःशी “हॅलो, हॅलो” म्हणून पाहिलं, तेही स्पष्ट आलं. मग तिने कट्ट्यावरचं स्टीलचं झाकण उचललं आणि मुद्दाम फरशीवर सोडलं. झाकण कडेवर उभं राहिलं, गोल गोल फिरलं, वेगाने थरथरत खाली बसत गेलं आणि आडवं झालं. ती ते शेवटपर्यंत बघत होती. कापूस पडावा तसं ते पडलं होतं.

आधण उतू गेलं तेही तिला दिसलं तेव्हाच कळलं.

३

दिवसभर हेडफोन लावल्याने असं होतं, तिने स्वतःला समजावलं. कान दमतात. ठरावीक पट्टीतले आवाज काही काळ ऐकू येत नाहीत, असं तिने कुठेतरी वाचलंही होतं. झाकणाचा आवाज आणि फ्रिजचा आवाज एका पट्टीत कसे असतील, हा प्रश्न मनात आला, पण तिने तो तिथेच दाबला.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी तिने गाद्या आणि रजया ठोकल्या होत्या, ती आयती घरात आली होती. फ्रिज नाही, नळ नाही. दुसऱ्या दिवशी ‘बाथरूम’ आलं, ‘पुढची खोली’ आली, आणि तिने दोन्हींना हं म्हटलं. पहिल्या वेळी चुकून, दुसऱ्या वेळी मात्र नीट वाचून. मग पंख्याचा आवाज गेला. आबांच्या खुर्चीची करकर गेली. माणसांचं बोलणं तेवढं राहिलं, आणि ते मोकळ्या मैदानात ऐकावं तसं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

मग ‘जिना’ आला.

जिना तर तिचा नव्हताच. तो सगळ्या इमारतीचा होता. तिने कंप्युटरवाल्याला फोन केला.

“माझ्याकडे जिना नावाचं फोल्डरच नाही,” ती म्हणाली.

“असेल हो कुठेतरी. आपल्या कंप्युटरमध्ये काय काय आहे ते कोणाला माहीत असतं? माझ्या बायकोच्या लॅपटॉपमध्ये तिच्या जुन्या ऑफिसातल्या सगळ्या लोकांचे वाढदिवस निघाले.”

“पण हे असं घरातल्या खोल्यांची नावं…”

“कात्रीबाई, काम होतंय ना?”

काम होत होतं. पण फोन ठेवल्यावर तिने ‘नको’वर बोट दाबलं. चौकट गेली नाही. तिच्यातला मजकूर तेवढा बदलला.

मग कधी विचारू?

ती त्या तीन शब्दांकडे बघत राहिली. सॉफ्टवेअर असं बोलत नाही. ‘नंतर आठवण करा’ असं काहीतरी कोरडं म्हणतं. तिने चौकट बंद केली, हेडफोन लावले आणि नटाचं तयार झालेलं प्रकरण तपासायला घेतलं. पाठोपाठ वाक्यं येत होती, एकाही जागी उसंत न घेता, पुढचं आणि त्याच्या पुढचं. थोड्या वेळाने तिचा जीव घुसमटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने हेडफोन ओढून काढले आणि तोंड उघडून हवा आत घेतली. ऐकता ऐकता ती स्वतःच श्वास घ्यायची थांबली होती.

संध्याकाळी ती कचरा टाकायला खाली गेली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले, ते चपला फटाफटा वाजवत उतरणारे म्हणून सगळ्यांना ठाऊक होते. ते तिच्या शेजारून उतरून गेले. त्यांच्या टाचा चपलांवर आपटताना तिला नुसत्या दिसल्या. तिने तर नको म्हटलं होतं. की मध्येच फोनवर कंप्युटरवाल्याला कधी हं म्हटलं होतं?

४

शुक्रवारी दुपारी टकळी शाळेतून आली ती बोलतच आली. बोळातून वाक्य सुरू झालं, दार खांद्याने ढकललं गेलं, दप्तर जमिनीवर पडलं.

“आई, आज ना आमच्या वर्गात काय झालं माहितेय? माझ्या बाकावरची आहे ना, तिचा एक बूट हरवला. एकच! मग ती ना लंगडी घालत घालत बाईंकडे गेली…”

“हं.”

शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. स्टुडिओवाल्यांचे सकाळपासून चार फोन येऊन गेले होते. कात्रीबाईने एक कान हेडफोनमध्ये ठेवला होता आणि दुसरा अर्धवट उघडा.

“मग बाई म्हणाल्या सगळ्यांनी शोधा. तर आम्ही कपाटाखाली शोधला, खिडकीत शोधला, डब्यात पण शोधला. आई, डब्यात बूट कसा मावेल? पण आम्ही शोधला.”

“हं. टकळे, आवाज नको गं. जरा हळू.”

“हळूच बोलतेय. मग ना तो बूट सापडला, आई. पण तो ना… आई, ऐकतेयस ना?”

पडद्यावर चौकट आली होती. कात्रीबाईला तिच्यातला एकच शब्द नीट दिसला, मुलीचं नाव. ‘टकळी’मधल्या फायली उघडू?

“हं,” ती म्हणाली.

चौकट गेली. जाताना तिच्यात क्षणभर ‘आभारी आहे’ असं आलं, असं तिला नंतर आठवलं.

‘टकळी’ नावाचं फोल्डर मात्र खरोखर होतं. मुलगी जन्मल्यापासून तिने तिचे आवाज टिपून ठेवले होते: पहिलं रडणं, पहिलं ‘आई’, बापाला जहाजावर पाठवलेले निरोप, न संपणाऱ्या गोष्टी. नवऱ्याच्या सुट्टीत तिघं मिळून ते ऐकत. ते साफ होणार असतील तर चांगलंच की, मागे पंख्याची फार घरघर होती त्यात. तिने दुसराही कान हेडफोनमध्ये घातला.

दुपार छान गेली. कोणी मध्ये बोललं नाही. दोन्ही प्रकरणं झाली, तिने ती पाठवून दिली, खुर्ची मागे सरकवली आणि आळस देत वळली.

टकळी मागे गादीला टेकून बसली होती. हातवारे करत होती, डोळे मोठे करत होती, दोन बोटांनी चालणारा बूट दाखवत होती. तिचे ओठ भराभर हलत होते. मध्येच थांबून तिने दीर्घ श्वास घेतला. तो श्वास मात्र कात्रीबाईला अगदी कानाशी घेतल्यासारखा ऐकू आला. मग ओठ पुन्हा हलायला लागले.

५

डॉक्टरांनी टकळीचा घसा पाहिला, जीभ पाहिली, मानेच्या गाठी चाचपल्या.

“लाल नाही, सूज नाही. बोलून बोलून बसला असेल,” ते म्हणाले. “दोन दिवस बोलू देऊ नका. जमेल का ते बघा.”

ते हसले. कात्रीबाईला हसता आलं नाही.

तिला घाबरवत होतं ते वेगळंच. टकळीला काही झालंय असं टकळीला वाटतच नव्हतं. ती बोलत होती. खाताना, वेणी घालून घेताना, झोपेपर्यंत. शेवटी कात्रीबाईने तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “बाळा, तुझा आवाज येत नाहीये. मला तुझं काहीच ऐकू येत नाहीये गं.”

टकळीने खांदे उडवले. तोंडावर नवल नव्हतं, राग नव्हता. पाऊस पडतोय म्हटल्यावर माणूस जसं बघतं तसं तिने आईकडे बघितलं आणि आपली गोष्ट पुढे चालू केली. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं.

कात्रीबाई उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज येत नव्हता, तिचा तेवढा येत होता.

शनिवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. तिने त्याला काही सांगायच्या आतच तो म्हणाला, “टकळीला दे आधी, वेळ कमी आहे.” तिने फोन पोरीच्या तोंडाशी धरला. टकळीचे ओठ हलत राहिले, खोलीत काही उमटलं नाही. बऱ्याच वेळाने तिने फोन परत कानाला लावला, तर पलीकडे तो खळखळून हसत होता.

“काय गोड बोलते गं! आणि लाइन किती स्वच्छ आज! श्वाससुद्धा घेत नव्हती मध्ये.”

तिने विचारलं, “काय म्हणाली?”

“कुठल्या तरी बुटाची गोष्ट. पण मध्येच थांबली. म्हणाली, बाकीचं घरी गेल्यावर आईला सांगते. तुम्ही काय, बाहेर आलायत का कुठे?”

टकळी तिच्यासमोर पलंगावर बसून पायातला मोजा काढत होती.

“नाही,” ती म्हणाली. “घरीच आहोत आम्ही.” पुढे काही सांगायच्या आत लाइन गेली.

ती मागच्या खोलीत आली आणि ‘टकळी’ फोल्डर उघडलं. फायली सगळ्या जागेवर होत्या. तिने पहिल्या ‘आई’ची फाइल लावली. एक छोटासा श्वास आला, पुढे मोकळी जागा, मग परत श्वास. पुढची लावली, वाढदिवसाची. त्यातही धाप लागल्यासारखे श्वास, आणि मधल्या जागा रिकाम्या. बापाला पाठवलेल्या निरोपातही तेच. आयुष्यभर ती जे कापून फेकत आली, ते तेवढं शिल्लक होतं.

तिने कंप्युटरवाल्याला फोन लावला.

“दिलेली परवानगी परत घेता येते का?”

“येते की. सेटिंगमध्ये जा, खूण काढून टाका. मग ते आपणहून कुठे जाणार नाही. पुन्हा विचारेल.”

“आणि जे घेतलंय ते?”

“घेतलंय म्हणजे? वाचलंय म्हणायचंय का? ते वाचलंच ना, आता त्याला काय करणार? बरं नाही का तुम्हाला?”

६

तिन्हीसांज होत आली होती. तिने टकळीला मागच्या खोलीत आणलं, मांडीवर घेतलं, रजईचं दार लावून घेतलं आणि सेटिंग उघडलं. माइक आधी उपटून टाकला.

‘जिना’वरची खूण काढली. बंद दारातून, गाद्यांमधून, कुठूनतरी चपला फटाफटा उतरत गेल्या. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ‘पुढची खोली’ काढली, आणि आबांची खुर्ची करकरली. ‘बाथरूम’. ‘स्वयंपाकघर’. फ्रिजने घशातून खोल आवाज काढला आणि घुरघुर सुरू झाली. नळ टप टप करायला लागला. मग एकदम खणखणत, गरगरत, थरथरत फरशीवर एक स्टीलचं झाकण बसत गेलं. ते झाकण तिने तीन दिवसांपूर्वी उचलून ठेवलं होतं.

टकळीने मान वळवून आईकडे बघितलं. तिलाही ते ऐकू आलं होतं.

शेवटची खूण राहिली, ‘टकळी’. कात्रीबाईने एका हाताने पोरीला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने ती काढली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. फ्रिज, नळ, वरची खुर्ची. टकळीचे ओठ हलले, श्वास झाला, आवाज नाही. मग बोळात, दाराच्या अगदी पलीकडे, टकळी बोलली.

“आई, आत येऊ का?”

तोच आवाज. ‘आई’वर थोडासा हेल काढायची ती तीच सवय. मांडीवरची टकळी ताठ झाली.

तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. जन्मल्यापासून एकदाही नाही.

कात्रीबाईने तळहात तोंडावर दाबून धरला. तिला स्वतःची खात्री नव्हती. इतक्या वर्षांचं ते हं जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं होतं, ती दमली असती, क्षणभर मन दुसरीकडे गेलं असतं, की ते सुटलं असतं. तिने दातांत बोट धरलं आणि चावलं.

“आई आत येऊ का आज ना आमच्या वर्गात काय झालं माहितेय माझ्या बाकावरची आहे ना तिचा एक बूट हरवला एकच मग ती ना लंगडी घालत घालत बाईंकडे गेली आई आत येऊ का”

एका सपाट्यात, कुठेही हवा न घेता. शब्द सगळे टकळीचे होते आणि मधल्या जागा कोणाच्याच नव्हत्या. मांडीवरची पोर मात्र भराभर श्वास घेत होती. तिची छाती कात्रीबाईच्या दंडाला लागत होती. कोणी जवळ असलं की चाहूल लागते, जमिनीवर भार पडतो, दारावर नख घासतं, तसलं काही बोळातून येत नव्हतं. नुसतं बोलणं येत होतं, पोरीच्या उंचीवरून.

आपण नाही म्हटलं तर? पण नाही म्हटल्यावर ‘निवांत’ने काय विचारलं होतं ते तिला आठवलं. ती गप्प राहिली. गप्प राहायचं, सकाळपर्यंत, जन्मभर, जितकं लागेल तितकं. ते तिला जमलं असतं. तिला खरंच वाटलं की जमेल.

आवाज थांबला. मग थोडा लांबून, पुढच्या खोलीकडून आला.

“आबा, आत येऊ का?”

त्यांना ऐकू येत नाही, कात्रीबाईने मनाशी घोकलं. मशीन खणात आहे. त्यांना नाही ऐकू येत.

खुर्ची करकरली.

“कोण ते?” आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उजळला, गेल्या कित्येक वर्षांत तिने तो तसा ऐकला नव्हता. “अगं, तू होय! किती स्पष्ट ऐकू आलं मला! ये की, ये. आपल्याच घरात यायला विचारतेस काय?”

“आबा!” ती किंचाळली. आबांना ते ऐकू गेलं नाही.

बोळातून वाक्य सुरू झालं होतं. ते जवळ आलं, दाराशी आलं, आणि खांद्याने ढकलावं तसं दार आत ढकललं गेलं. रजईची कड हलली. फटीत अंधार होता आणि अंधारात, टकळीच्या उंचीवर, एक उघडं तोंड होतं. ते मिटत नव्हतं.

कात्रीबाईने पोरीला छातीशी ओढलं. दंडाला लागणारी तिची छाती हलायची थांबली होती.

“मग ना तो बूट सापडला आई पण तो आधीच कोणाच्या तरी पायात होता,” तोंड म्हणालं. “आई, ऐकतेयस ना?”

ती ऐकत होती. एकेक शब्द.